तीन केसांएवढी सुई

माणसाच्या अंगात सुई शिरते, चांगली नखाएवढी आत जाते, वीस मिनिटं तिथेच राहते आणि बाहेर काढली तर रक्ताचा एक थेंबही दिसत नाही. हे कसं काय?

हे कोडं मला कोणी घातलं नव्हतं. डॉक्टर मुजावरांच्या दवाखान्यात पडद्याच्या फटीतून मी ते पाहिलं. एका आजींच्या गुडघ्यातून डॉक्टरांनी एकामागून एक सहा सुया काढल्या आणि आजी लुगडं सारखं करून चालायला लागल्या. मी मात्र फटीपासून मागे सरले. मी भित्री आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी हसायला नको. मला झुरळाची भीती वाटते, लिफ्टची वाटते, डोक्यावरून ड्रोन गेला की मी खाली वाकते. आणि सुई म्हटलं की माझे तळहात ओले होतात. शाळेत लस टोचायला आले होते तेव्हा मी गच्चीवरच्या टाकीमागे दोन तास बसून होते.

माझं नाव कोयना जगदाळे. वय अकरा, राहणार कराड. ही गोष्ट २०५१ सालातली, एका शनिवारची.

त्या दिवशी सुया मला टोचायच्या नव्हत्या, माझ्या आबांना टोचायच्या होत्या. आबा म्हणजे माझे आजोबा, हणमंतराव जगदाळे. कराडात त्यांना नावानं कोणी ओळखत नाही, सगळे 'वस्ताद' म्हणतात. वस्ताद म्हणजे तालमीत कुस्ती शिकवणारा गुरू. आता तालमीत डाव मोजणारे कॅमेरे आलेत, पण माती तीच आहे आणि आबाही तेच आहेत. फक्त दोन वर्षांपासून त्यांचा उजवा खांदा दुखतो. हात डोक्याच्या वर जात नाही. वर्षभरापूर्वी हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की हाड शाबूत आहे, सांध्याभोवतीचे स्नायू आखडलेत. त्यांनी व्यायाम दिला आणि म्हणाले, हवं तर जोडीला ॲक्युपंक्चर (अंगातल्या ठरावीक जागी बारीक सुया टोचून दुखणं कमी करायची जुनी चिनी पद्धत) करून बघा.

आई-बाबा दोघंही कामासाठी साताऱ्याला जातात, म्हणून सोबतीला मी. निघताना आई आबांना तीन वेळा म्हणाली, "डॉक्टरांना सगळं नीट सांगा बरं का." आबा तिन्ही वेळा "व्हय, व्हय" म्हणाले.

दवाखान्यात शिरल्या शिरल्या एक यंत्रमानव पुढे आला. उंच, सडपातळ, अंग पोलादी आणि वर निळं गोल डोकं. त्याला सगळे टाचणी म्हणतात आणि त्यालाही ते चालतं. नव्या पेशंटची माहिती लिहून घेणं हे त्याचं काम. शेजारच्या खुर्चीवर सुजलेला गुडघा घेऊन सर्जेराव बसला होता. सर्जेराव म्हणजे आबांचा लाडका पठ्ठा, अडीचशे जोर एका दमात मारणारा. वस्तादांना बघून तो लंगडत उठला आणि पाया पडला. आबांची छाती लगेच दोन इंच फुगली.

"जेवण झालं का?" टाचणीनं विचारलं.

"झालं की. तुमचं झालं का?"

"मी जेवत नाही."

"अरारा!" आबा म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं.

जेवण कुठलं झालं होतं! शनिवारी आबांचा मारुतीचा उपवास असतो. सकाळपासून पोटात एक कप काळा चहा, बस्स. पण आमच्याकडे 'जेवण झालं का' असं कोणी विचारलं की 'झालं' म्हणायचं असतं. नाही म्हटलं तर समोरचा माणूस ताट वाढायला उठतो. हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. टाचणीला कळलं नाही. त्यानं लिहून घेतलं : पेशंट जेवलेला आहे.

"हृदयाचा, रक्तदाबाचा, साखरेचा काही आजार?"

"काय बी न्हाय. ठणठणीत हाय मी."

"शरीरात एखादं यंत्र बसवलेलं आहे का?"

आबांनी हळूच सर्जेरावाकडे पाहिलं. "मला कशाला लागतंय यंत्र?"

"रक्त पातळ करणारी गोळी घेता का?"

"गोळ्याबिळ्या आपल्याला चालत न्हाईत."

"तुमची आरोग्य-नोंद उघडायला अंगठा द्याल का? नाही दिलात तरी चालेल, तो तुमचा हक्क आहे."

"मग ऱ्हाऊ द्या."

मी नखं खायला लागले. कारण यातलं जवळजवळ सगळं खोटं होतं.

आठ महिन्यांपूर्वी आबा अंगणात चक्कर येऊन पडले होते. त्यांना पुण्याला नेलं. त्यांचं हृदय मध्येच धडकायचं थांबत होतं, म्हणून डाव्या खांद्याच्या खाली, कातडीच्या आत डॉक्टरांनी पेसमेकर (हृदयाचे ठोके चुकू नयेत म्हणून बसवलेलं छोटं यंत्र) बसवला. तेव्हापासून रोज संध्याकाळी रक्त पातळ करणारी एक पांढरी गोळीही चालू आहे. तालमीत मात्र सांगितलं, वस्ताद पुण्याला लग्नाला गेलेत. एक महिना चाललेलं ते लग्न अजून कोणाला खटकलेलं नाही.

हॉस्पिटलातच आबांनी मला जवळ बोलावलं होतं. "कोयने, वस्तादाच्या छातीत मशीन हाय असं कळलं तर पोरं माझ्याकडं किवेनं बघतील. ते मला सोसायचं न्हाय. कुणाला बी सांगणार न्हाईस, शपथ घे. माझ्या गळ्याची." आणि त्यांनी माझी बोटं धरून आपल्या गळ्याला लावली. गळ्याची शपथ मोडली की ज्याच्या गळ्याची घेतली तो माणूस मरतो. हे आमच्या वर्गात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातून सुटायचा एकच मार्ग असतो. ज्यानं शपथ घातली त्यानंच 'सुटली' म्हणायचं.

मी आठ महिने तोंड बंद ठेवलं होतं. त्या दिवशीही ठेवलं.

डॉक्टर मुजावर आल्या. चष्मा, आखूड केस, बोलणं अगदी शांत. त्यांनी हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचली, उजवा खांदा वरखाली करून पाहिला आणि आबांना आत नेलं. सर्जेरावालाही शेजारचीच खाट मिळाली. मध्ये पडदा नव्हता. आबांनी फक्त उजवी बाही उतरवली. डावीकडे बंडी घट्ट तशीच ठेवली आणि वर उपरणंही ओढून घेतलं. डॉक्टरांना वाटलं असेल, म्हातारा माणूस लाजतोय.

मला बाहेर बसवलं. टाचणी माझ्याशेजारी येऊन उभा राहिला.

"तुझे तळहात ओले आहेत आणि श्वास जलद आहे," तो म्हणाला. "तुला भीती वाटते आहे का?"

"हो," मी म्हटलं. खोटं बोलून काय उपयोग?

"मग विचार. ज्याला भीती वाटते त्याच्याकडे प्रश्न असतात."

मी ते कोडं विचारलं. सुई आत जाऊनही रक्त का येत नाही?

टाचणीनं दोन सुया काढून भिंगाखाली ठेवल्या. एक इंजेक्शनची होती. भिंगातून ती तिरक्या कापलेल्या नळीसारखी दिसत होती, कडा चाकूसारखी. "ही आतून पोकळ असते, कारण तिच्यातून औषध जायचं असतं. म्हणून जाड, आणि ती कातडी कापत आत जाते," टाचणी म्हणाला. "दुसरी बघ." दुसरी भरीव होती आणि टोक किंचित गोलसर. "ही ॲक्युपंक्चरची. तुझे तीन केस शेजारी शेजारी ठेवले तर जेवढी जाडी होईल तेवढी. ती कापत नाही, पेशींना (शरीर ज्यांचं बनलं आहे ते अतिसूक्ष्म कप्पे) बाजूला सारत जाते. गर्दीत कोणी धक्काबुक्की न करता वाट काढावी तशी. काढली की पेशी पुन्हा जवळ येतात."

"म्हणजे रक्त कधीच येत नाही?"

"कधी कधी येतं, एखादा थेंब. कधी तिथे काळंनिळं होतं. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याला जास्त होतं. म्हणून आम्ही आधी विचारतो."

मी आबांच्या पडद्याकडे पाहिलं. "दुखतं का?"

"टोचताना मुंगी चावल्यासारखं. मग बऱ्याच जणांना तिथे जडपणा वाटतो, झिणझिण्या येतात. चर्रकन कळ गेली किंवा जळजळलं तर लगेच बोलायचं, सहन करत पडून राहायचं नाही. आणि सुया आत असताना हालचाल करायची नाही."

"एकाची सुई दुसऱ्याला टोचतात?" माझ्या डोळ्यांपुढे त्या आजींचा गुडघा आला.

"कधीच नाही. पेशंटच्या समोर नवं, बंद पाकीट फोडायचं. वापरलेली सुई त्या जाड डब्यात टाकायची आणि डबा भरला की जाळायला पाठवायचा. कुठे पाकीट न फोडता सुई काढताना दिसली, तर उठून घरी जायचं. भिंतीवर बघ, डॉक्टरांचं प्रमाणपत्र. तेही आधी विचारून घ्यायचं. छातीजवळ सुई किती खोल घालायची हे न शिकलेल्या माणसानं फुप्फुसाला इजा केल्याची उदाहरणं आहेत. फार थोडी आहेत, पण आहेत."

हा यंत्रमानव माझी भीती घालवत होता की वाढवत होता, तेच मला कळेना. पण एक गंमत होती. काय वाईट होऊ शकतं ते कळलं की भीती एका जागी बसते, सगळ्या अंगभर फिरत नाही.

"आणि यानं बरं वाटतं का खरंच?"

टाचणीचं निळं डोकं क्षणभर मंद झालं. तो विचार करताना असं होतं. "याचं सरळ उत्तर नाही. ही पद्धत शोधणाऱ्यांचं म्हणणं होतं की अंगात 'ची' नावाची शक्ती वाटांवरून वाहते आणि सुई त्या वाटा मोकळ्या करते. शास्त्रज्ञांनी त्या वाटा खूप शोधल्या, सापडल्या नाहीत. मग त्यांनी दुसरा प्रयोग केला. काही पेशंटना खरी सुई टोचली आणि काहींना खोटी. खोटी म्हणजे टेकवली की आपल्याच दांड्यात सरकणारी, नाटकातल्या खंजिरासारखी. कोणाला कुठली, हे पेशंटना सांगितलं नाही."

"मग?"

"बरं दोघांनाही वाटलं. आपल्यावर उपचार होतो आहे, या भरवशानंही दुखणं कमी होतं. पण खांदा, पाठ, गुडघा, डोकेदुखी अशा जुन्या दुखण्यांत खऱ्या सुईवाल्यांना थोडं जास्त बरं वाटलं. बहुधा सुईमुळे चेतातंतू (शरीरातले निरोप मेंदूकडे नेणारे धागे) जागे होतात आणि मेंदू एंडॉर्फिन (दुखणं शमवणारं, शरीरातच तयार होणारं रसायन) सोडतो. बहुधा म्हणालो, कारण अजून सगळं कळलेलं नाही. पण यानं मोडलेलं हाड जुळत नाही, ताप उतरत नाही, हृदय बरं होत नाही. म्हणून आधी दुखणं कशाचं आहे ते डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं आणि चालू असलेली औषधं आपल्या मनानं बंद करायची नाहीत."

मला टाचणी आवडायला लागला होता. 'माहीत नाही' म्हणणारं कोणी मला आवडतं. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. आबांच्या खांद्यात पाच सुया होत्या आणि डॉक्टर त्यांना तारा लावत होत्या.

"तारा कशाला?"

"आबांचं दुखणं जुनं आहे. सुयांतून अगदी सौम्य वीज सोडली की चेतातंतू जास्त जागे होतात. घाबरू नकोस, घड्याळातल्या सेलइतकीच वीज. ही फक्त थोड्या लोकांना चालत नाही. फिट येणारे, गरोदर बाया आणि पेसमेकर बसवलेले."

माझ्या कानात एकदम दडे बसल्यासारखं झालं.

"पेसमेकर असला तर काय होतं?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"पेसमेकर आधी ऐकतो, मग बोलतो," टाचणी म्हणाला. तो शिकवायच्या रंगात आला होता. "हृदय स्वतःहून धडकलं की विजेची बारीकशी खूण उमटते. ती खूण ऐकू आली की यंत्र गप्प बसतं. वेळेत आली नाही की यंत्र स्वतः विजेचा हलका ठोका देतं आणि हृदय धडकतं. आता समज, जवळच सुयांतून वीज चालू आहे. यंत्राला वाटलं, हीच हृदयाची खूण."

"तर ते गप्प बसेल."

"बरोबर."

"आणि त्याच वेळी हृदयही थांबलेलं असेल तर?"

"तर कोणीच ठोका देणार नाही," टाचणी म्हणाला. "दरवेळी असं होत नाही. पण कोणाला होईल ते आधी सांगता येत नाही, म्हणून हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा माणसाला वीज लावायची नाही. तू का विचारतेस?"

माझ्या बोटांना आबांचा गळा आठवला, त्यांची दाढीची खुंटं, आतलं हलणारं हाड. सांगितलं तर शपथ मोडणार आणि आबा मरणार. नाही सांगितलं तर डॉक्टर बटण दाबणार आणि आबा मरणार. लिहून दिलं तर ते सांगणं होतं का? छातीकडे नुसतं बोट दाखवलं तर?

एकच वाट होती. मी पडदा सारून आत धावले.

"आबा, सुटली म्हणा!"

आबा कुशीवर होते. त्यांनी डोळे उघडले आणि त्यांना सगळं कळलं. शेजारच्या खाटेवरून सर्जेराव मान वळवून बघत होता. डॉक्टरांच्या हातात साबणाच्या वडीएवढं यंत्र होतं आणि अंगठा त्याच्या बटणावर.

"काय सुटली? बाहेर जा," आबा म्हणाले.

"आबा, पाया पडते, सुटली म्हणा. एकदाच."

"कोयने, गप!"

ज्या आवाजानं तालमीतली चाळीस पोरं जागच्या जागी थांबतात तो आवाज. मी पण थांबले. डॉक्टर म्हणाल्या, "बाळा, थोडा वेळ बाहेर बस हं, आबांना काही होणार नाही," आणि त्या यंत्राकडे वळल्या.

"त्यांच्या छातीत पेसमेकर आहे!" मी ओरडले. "डावीकडे! बंडीखाली! आणि ते रक्त पातळ करायची गोळी घेतात, आणि ते जेवलेले नाहीत, त्यांचा उपवास आहे!"

डॉक्टरांनी यंत्र टेबलावर ठेवलं, इतकं हळू की आवाजही झाला नाही. मग त्यांनी आबांच्या अंगावरचं उपरणं बाजूला केलं, बंडी खाली ओढली. डाव्या खांद्याखाली तो उंचवटा होता, काडेपेटीएवढा, वर शिवणीचा व्रण.

मी आबांच्या तोंडाकडे पाहिलं. ते पांढरंफटक पडलं होतं. कपाळावर घामाचे मोठे थेंब आले. "पोरी..." ते म्हणाले आणि त्यांचे डोळे फिरले. मान एका बाजूला कलंडली.

शपथ फळली होती. मी मोडली आणि लगेच फळली. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि दोन्ही हातांनी डोळे झाकले. त्या क्षणी मला जे वाटलं ते मी कोणालाही सांगू शकणार नाही. माझ्या एका वाक्यानं माझे आबा गेले, एवढंच मला कळत होतं.

"टाचणी, पाय वर धर. सुया काढतेय मी," डॉक्टरांचा आवाज आला. "कोयना, इकडे बघ. डोळे उघड आणि इकडे बघ."

मी बोटांच्या फटीतून पाहिलं. टाचणीनं आबांचे पाय उचलून धरले होते. दुसऱ्या हातानं त्यानं त्यांच्या मनगटाला एक पट्टी लावली आणि भिंतीवर हिरवी रेघ उमटली. वर, खाली. वर, खाली.

"हृदय चालू आहे," टाचणी म्हणाला. "मिनिटाला साठ ठोके. त्यांना घेरी आली आहे. पोट रिकामं असताना माणूस एकदम घाबरला की रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त पायांकडे उतरतं आणि मेंदूला थोडा वेळ कमी पडतं. पाय वर केले की ते परत जातं. सुयांच्या पहिल्या वेळी हे काही जणांना होतं. म्हणून उपाशी यायचं नसतं."

"शपथेमुळे नाही?"

"शपथेचा रक्तदाबावर परिणाम होत असल्याची नोंद माझ्याकडे नाही," टाचणी म्हणाला. "भीतीचा होतो. तू गप्प बसली असतीस आणि बटण दाबलं गेलं असतं, तर ही रेघ कशी दिसली असती ते मला सांगता येत नाही."

मी ती रेघ मोजत राहिले. सत्तरपर्यंत आल्यावर आबांनी डोळे उघडले. आधी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कोपऱ्यात बसून हुंदके देत होते. माझ्या तोंडून एकच निघालं, "मी मोडली, आबा. मी मोडली."

आबांनी हात पुढे केला. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी माझी बोटं पुन्हा आपल्या गळ्याला लावली.

"सुटली," ते म्हणाले. "आधीच म्हणाया पायजे हुतं. तुझ्याएवढ्या पोरीच्या मानेवर मी एवढं वझं ठेवलं, माझंच चुकलं."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी आबांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला पुन्हा भीती वाटली, पण वेगळी.

इतक्यात शेजारच्या खाटेवरून घोगरा आवाज आला. सर्जेराव होता. आता हा बाहेर जाऊन सगळ्या तालमीला सांगणार, असं मला वाटलं.

"डॉक्टर," तो म्हणाला, "मघाशी त्या यंत्राला मी बी खोटं सांगितलं. सुईचं भ्या वाटत न्हाय म्हणून. दात आवळून पडलोय कवापासनं. ह्या सुया आधी काढा की."

डॉक्टर मुजावर त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. त्यांनी त्याच्या सुया काढल्या, आबांना गूळ-पाणी दिलं, पुण्याच्या हृदयाच्या डॉक्टरांना व्हिडिओ फोन लावला आणि त्यांच्या देखत पेसमेकर तपासून घेतला. मग त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या. "चूक माझीही आहे, कोयना. कागदावर 'नाही' लिहिलेलं होतं, मी ते वाचलं आणि पुढे गेले. उपरणं मीच बाजूला करून बघायला हवं होतं."

"मीही प्रश्न चुकीचा विचारला," टाचणी म्हणाला. "'झालं' या शब्दाचा अर्थ 'पोट भरलेलं आहे' असा होतो, हे माझं गृहीतक (पुरावा नसताना खरं धरलेली गोष्ट) होतं."

त्यानं मग मला विचारून विचारून सगळं समजून घेतलं. आमच्याकडे लोक कशाला गोळी म्हणतात आणि कशाला म्हणत नाहीत, दुखत असताना 'बरं हाय' का म्हणतात, बाहेरच्यांसमोर आजार का बोलत नाहीत. मी सांगत गेले आणि तो लिहीत गेला. त्या रात्रीत त्याचे नवे प्रश्न राज्यातल्या त्याच्यासारख्या साडेतीनशे यंत्रांपर्यंत पोचले. आता ही यंत्रं पेशंटला सगळ्यांसमोर काही विचारत नाहीत. दार लावून घेतात, घरचं कोणी सोबत हवं का ते विचारतात आणि मग म्हणतात, 'शेवटचं काय खाल्लंत आणि किती वाजता?' नुसतं 'झालं' म्हणून सुटता येत नाही असा प्रश्न. पुढच्या वर्षी ती पेशंटच्या बोलीतच विचारायला शिकणार आहेत. आणि मी मोठी झाल्यावर न बोललेली उत्तरं ऐकू येणारं यंत्र बनवणार आहे. ते कसं बनवतात ते अजून मला माहीत नाही.

तीन आठवड्यांनी हृदयाच्या डॉक्टरांचं पत्र आलं. सुया चालतील, वीज अजिबात नको, रक्ताच्या गोळीमुळे जपून. आम्ही पुन्हा गेलो, मुद्दाम बुधवारी. डॉक्टरांनी आधीच सांगितलं की सहा वेळा करून बघू, फरक पडला नाही तर थांबू, आणि व्यायाम मात्र रोज करायचाच.

टाचणीनं दार लावून घेतलं. आबा खुर्चीवर बसले. मी त्यांच्या मागे.

"शेवटचं काय खाल्लंत आणि किती वाजता?"

"दीड भाकरी, वांग्याची भाजी. साडेधाला."

"शरीरात यंत्र?"

"हाय. छातीत." आबांनी स्वतःच बंडी खाली ओढून दाखवली. "रोज सांजच्याला रगात पातळ करायची गोळी बी."

"भीती वाटते का?"

पन्नास वर्षं मातीत काढलेला माणूस, ज्याला चाळीस पोरं वस्ताद म्हणतात, तो आपल्या दोन्ही तळहातांकडे बघत बसला. ते ओले होते. माझ्यासारखेच.

"व्हय," आबा म्हणाले. "लई वाटतंय."

"मलापण," मी मागून म्हटलं.

टाचणीनं दोन्ही उत्तरं लिहून घेतली, आबांच्या खाटेजवळ माझ्यासाठी एक खुर्ची ठेवली आणि आमच्या समोर नवं पाकीट फोडलं.